पाण्याच्या वरच्या अंगाला

शिरोळहून कोल्हापूरमार्गे गगनबावड्याला जायचे तर रस्ता शंभर किलोमीटरच्या आसपास भरतो. एवढ्या अंतरात पाऊस दहापट होतो. शिरोळला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे, गगनबावड्याला पाच-सहा हजार. पूर्वेकडच्या काळ्या रानात ऊस उभा असतो. पश्चिमेला रस्ता चढू लागला की ऊस मागे पडतो, भाताची खाचरे लागतात, मग तीही संपतात आणि जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांचे दाट रान सुरू होते. मध्येच कारवीने भरलेले उतार, माथ्यावर जांभ्या दगडाचे उघडे सडे. याच डोंगररांगांतून कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती उतरतात, त्यांची पंचगंगा होते आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. नृसिंहवाडी शिरोळ तालुक्यात. जिथून आपण एसटी धरली, तिथेच ते पाणी येऊन पोचलेले असते.

या पाण्याच्या वरच्या अंगाला कोण राहते, कोण राहत होते आणि आता ते कुठे आहेत, हा या पुस्तकाचा विषय आहे. वर्षावनात राहणारी माणसे, त्यांच्या रानावर पडणारी कुऱ्हाड आणि त्यांच्या खोऱ्यात चढणारे धरणाचे पाणी यांचा अभ्यास आता जगभर होतो. त्याला मानववंशशास्त्राने हात लावला आहे, परिसरशास्त्राने, कायद्याने, इतिहासाने आणि चळवळींनीही. या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्या मराठी वाचकाचे मनापासून स्वागत करायचे आणि पहिल्या काही वाटा दाखवायच्या, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

विषयाचे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ॲमेझॉन येते, नाहीतर बोर्निओ. तसे येणे गैर नाही. बोर्निओच्या सारावाक राज्यात पेनान लोकांनी १९८७ साली लाकूडतोडीच्या रस्त्यांवर अडसर बांधून ट्रक अडवले, तेव्हा हा प्रश्न जगाच्या वर्तमानपत्रांत पोचला. त्याच सारावाकमध्ये बाकून धरणाने दहा हजारांच्या घरात माणसे उठवली. पुढे बाराम नदीवरचे नियोजित धरण तिथल्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे नाकेबंदी करून थांबवले. ब्राझीलमध्ये १९८९ साली शिंगू नदीकाठच्या अल्तामिरा गावी कायापो आणि इतर जमाती एकत्र जमल्या आणि त्या नदीवरचे धरण त्या वेळी मागे पडले. दोन दशकांनंतर ते बेलो मोंते या नावाने बांधले गेलेच. जागतिक धरण आयोगाचा अहवाल २००० सालच्या नोव्हेंबरात आला. धरणांनी जगभरात चार ते आठ कोटी माणसे विस्थापित केली, असा त्यातला अंदाज आहे. या आयोगाच्या सदस्यांत मेधा पाटकर होत्या. नर्मदाकाठच्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या भिल्ल-पावऱ्यांच्या तेहतीस बुडीत गावांचा अनुभव त्या वाटेने जगाच्या चर्चेत गेला.

इथवर आले की कोल्हापूरचा विद्यार्थी वही मिटू पाहतो. हे सगळे फार दूरचे आहे, आपल्याकडे वर्षावन कुठले आणि आदिवासी तरी कुठले, असे त्याला वाटते. मी त्याला वही उघडी ठेवायला सांगतो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली एकोणचाळीस ठिकाणे जागतिक वारशाच्या यादीत घेतली. महाराष्ट्रातली त्यात चार : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. शेवटचे नाव आपल्या जिल्ह्याचे आहे आणि चांदोलीचे रानही आपल्या सीमेत उतरलेले आहे. राहिला आदिवासींचा प्रश्न. कोल्हापुरात तोच सगळ्यांत अवघड आहे आणि म्हणूनच इथला अभ्यासक या विषयाला काही नवे देऊ शकतो.

शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांच्या डोंगरमाथ्यावर धनगरवाडे आहेत. तिथे राहतात ते बहुतांशी गवळी धनगर. मेंढरे घेऊन देशावर फिरणारे, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला येणारे धनगर वेगळे. हे म्हशी पाळणारे, रानात स्थिरावलेले. दूध-लोणी-तूप-खवा खाली न्यायचा, धान्य-मीठ वर आणायचे, माथ्याच्या उतारावर नाचणी-वरी करायची, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या दोघांनी सह्याद्रीतल्या या समाजाचा अभ्यास करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. खोऱ्यात आणि खालच्या उतारांवर कुणबी, वरच्या सपाटीवर गवळी. कुणबी भात पिकवणार, शिकार करणार. गवळी म्हशी राखणार आणि शिकारीच्या वाटेला फारसा जाणार नाही, कारण त्याची गरज दुधावर भागते. एकाच डोंगरात दोन समाज राहिले, ते एकमेकांच्या ताटात हात न घालता. कुणी कुठले साधन वापरायचे याची वाटणी जातीने आणि वहिवाटीने ठरवली होती. जातिव्यवस्थेचे हे समर्थन नव्हे आणि त्या दोघांनीही ते तसे मांडले नाही. पण जंगल कसे टिकते, याचे उत्तर त्या जंगलात राहणाऱ्यांच्या आपसातल्या व्यवहारात शोधावे लागते, हा धडा त्या अभ्यासाने घालून दिला. नवख्या वाचकाने सुरुवात तिथून करावी, असे मी सुचवेन.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्रात धनगर हा समाज भटक्या जमाती ‘क’ या प्रवर्गात आहे, अनुसूचित जमातींत नाही. केंद्राच्या यादीतला ‘धनगड’ म्हणजेच ‘धनगर’ अशी एका बाजूची मागणी आहे, आदिवासी संघटनांचा तिला ठाम विरोध आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ च्या फेब्रुवारीत त्याबाबतच्या याचिका फेटाळल्या. त्या वादात कुणाची बाजू घेण्याची ही जागा नाही. गवळी धनगराच्या रोजच्या जगण्यावर त्याचा परिणाम काय होतो, तेवढे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. २००६ चा वनहक्क कायदा दोन प्रकारच्या माणसांना ओळखतो. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वी त्या रानात राहत असल्याचे आणि त्यावर पोट असल्याचे दाखवले की पुरे. बाकीच्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हटले आहे. त्यांनी त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचे वास्तव्य सिद्ध करायचे. एक पिढी पंचवीस वर्षांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षे. हिशेब मागे नेला की साल येते १९३०.

१९३० साली कोल्हापूर हे संस्थान होते, गादीवर राजाराम महाराज होते आणि म्हशीच्या मागे रान फिरणाऱ्या गवळ्याच्या हातात कागद म्हणून काही नव्हते. हा मुद्दा मनात ठेवा. त्याच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

धरणांची गोष्ट कोल्हापुरात राधानगरीपासूनच सुरू करावी लागते. शाहू महाराजांविषयी बोलताना इथे प्रत्येकाचा आवाज आदराने खाली येतो, माझाही येतो. दुष्काळ पाहिलेल्या त्या राजाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर धरण बांधायला घेतले. ते पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षे उजाडली. आज या जिल्ह्यात ऊस, गूळ, साखर कारखाने आणि दूध संघ यांची जी भरभराट दिसते, तिचे मूळ त्या पाण्यात आहे. मी त्याच पाण्यावर वाढलो. म्हणूनच मला वाटते, की आपल्या सुबत्तेचा हिशेब आपणच पुरा मांडला पाहिजे. राधानगरीपाठोपाठ तुळशी, दूधगंगा, वारणा, पाटगाव, चित्री अशी धरणे होत गेली. प्रत्येक धरणाच्या पाण्याचा लाभ खाली आला आणि बुडीत वर राहिले. लाभक्षेत्राचा नकाशा आपल्या प्रत्येक कार्यालयात भिंतीवर असतो. बुडीत क्षेत्राचा नकाशा मागावा लागतो.

धरणाविरुद्धच्या लढ्याची परंपरा मराठीत शंभर वर्षांची आहे. पुणे जिल्ह्यात टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला. सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. विनायक भुस्कुटे यांनी त्या सत्याग्रहाचा इतिहास मराठीत लिहून ठेवला आहे, आणि राजेंद्र व्होरा यांनी पुढे त्याला धरणविरोधी चळवळीचा जगातला पहिला नमुना म्हणून मांडले. मराठी विद्यार्थ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपण या विषयात शिष्य म्हणून येत नाही.

पण धरण आणि माणूस यांचा पद्धतशीर अभ्यास आपल्याकडे खऱ्या अर्थाने उभा राहिला तो कोयनेवर. कोयनेचे काम पन्नाशीच्या दशकात सुरू झाले आणि साठीच्या दशकात शिवसागर जलाशय भरला. तिथल्या विजेवर मुंबई-पुण्याचे कारखाने उभे राहिले, महाराष्ट्राचे कौतुक झाले आणि खोऱ्यातली गावे सोलापूर-सांगलीपासून ठाणे-रायगडपर्यंत विखुरली गेली. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. १९६९ साली इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयनेच्या विस्थापितांची पाहणी डेक्कन कॉलेजमधून प्रसिद्ध केली. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई सगळ्यांना ठाऊक आहेत; धरणाखालून उठलेल्या माणसांची घरे, शेते, नाती आणि देव यांची नोंद घेत हिंडलेल्या इरावतीबाई फार थोड्यांना ठाऊक आहेत. कैलाश मल्होत्रा हे त्यांचेच विद्यार्थी. गुरूने पाण्याखाली गेलेले खोरे पाहिले आणि शिष्य त्याच डोंगरांच्या माथ्यावरच्या वाड्यांकडे गेला.

कोयनेत एक गोष्ट घडली आणि तिचा उलगडा पुढच्या सगळ्या अभ्यासात करावा लागतो. सगळे विस्थापित दूर गेले नाहीत. पुष्कळजण पाणी चढत गेले तसे वर सरकले. आपल्याच खोऱ्याच्या उतारावर, आपल्याच देवाच्या जवळ, पाण्याच्या रेषेच्या वर त्यांनी नवी घरे बांधली. जमीन वरकस, उताराची, पोटापुरतीही न पिकणारी. सपाट भातशेती पाण्याखाली गेल्यावर तीच उरली होती. सपाटीवरचा भार उतारावर आला आणि उताराचे रान उघडे पडू लागले.

इथे कुऱ्हाड येते. धरण आणि जंगलतोड या गोष्टी दोन स्वतंत्र संकटांच्या रूपात मांडल्या जातात, पण सह्याद्रीत त्या एकाच रस्त्याने आल्या, आणि ‘रस्त्याने’ हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे. गाडगीळांनी पानशेतच्या परिसराबद्दल हे लिहून ठेवले आहे. धरणाच्या कामासाठी खोऱ्यात रस्ता झाला. रस्त्यावरून सिमेंट-लोखंड वर गेले आणि परतीच्या ट्रकातून कोळसा खाली आला. जमिनी बुडालेल्या, हातात पैसा नसलेल्या शेतकऱ्याकडून कोळशाच्या व्यापाऱ्याने मालकीची झाडे कवडीमोलाने घेतली आणि शतकानुशतके राखलेले डोंगर काही वर्षांत बोडके झाले. धरणग्रस्ताने झाडे विकली हे खरे. ती त्याने कुठल्या घडीला विकली, तेही लिहिले नाही तर ते खरे अर्धेच राहते. कोकणात हीच कोळशाची भट्टी कातकऱ्यांच्या घामावर चालली. ज्यांचे आयुष्य रानावर, त्यांनाच उचल देऊन रान जाळायच्या कामाला बांधून घेतले गेले. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांना आदिम जमाती म्हटले जाते. त्यांतल्या कातकऱ्यांची ही कहाणी वाचल्याशिवाय ‘जंगलतोड कोण करते’ या प्रश्नावर कुणी बोलू नये.

आज कुऱ्हाडीचे रूप बदलले आहे. आंबोलीच्या खाली, सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी खासगी मालकीची दाट राने सपाट केली गेली. हा पट्टा म्हणजे राधानगरीकडून गोवा-कर्नाटकाकडे जाणारी वाघाची वाट. उच्च न्यायालयाने २०१३ साली तिथे वृक्षतोडीला मनाई केली. आमच्या जिल्ह्यातल्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. वरून उजाड दिसणारा सडा पावसाचे पाणी धरतो आणि खालच्या झऱ्यांना वर्षभर पुरवतो, हे धनगराला माहीत असते. खाणीच्या अर्जात त्याच सड्याची नोंद पडीक जमीन म्हणून होते.

तिसरी गोष्ट अशी, की उरलेले रान वाचवायला निघालेल्या कायद्यानेही पुन्हा त्याच माणसांना उठवले. दाजीपूरचे रान मूळचे छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि १९८५ साली राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचा विस्तार साडेतीनशे चौरस किलोमीटरपर्यंत गेला. त्याच १९८५ साली कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये जाहीर झाली. चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१० साली कोयना-चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. या तारखा धरणांच्या तारखांशेजारी ठेवून पाहा. पाण्याने माणसांना खोऱ्यातून ज्या उतारावर ढकलले, त्याच उतारावर वीस-पंचवीस वर्षांनी अभयारण्याची हद्द आली. चांदोलीतून तिसाहून अधिक गावे उठली. गोठणे, झोळंबी, निवळे ही नावे आता गिर्यारोहकांच्या आणि पक्षिनिरीक्षकांच्या वह्यांत आढळतात. तिथली माणसे सांगली-कोल्हापूरच्या वसाहतींत आहेत. ‘वसाहत’ हा आमच्याकडचा खास शब्द. गाव उठले की त्याची वसाहत होते, आणि दुसरी पिढी मोठी झाली तरी लोक तिला गाव म्हणत नाहीत.

मी वाघाच्या विरुद्ध नाही. सह्याद्रीत वाघ राहावा, गवा राहावा, धनेश राहावा, यासाठी झटणाऱ्यांत माझे मित्र आहेत आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण जंगल टिकवायचे म्हणून आधी जंगलातला माणूस काढायचा, ही कल्पना तपासून घ्यायला हवी. पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा २०११ चा अहवाल गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला. त्यात कुठले निर्बंध हवेत हे ग्रामसभांनी चर्चेतून ठरवावे, असा आग्रह होता. प्रत्यक्षात तो ‘विकासाला बंदी घालणारा अहवाल’ म्हणून गावोगाव ओळखला गेला, आणि ओळख करून देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो वाचलेला नव्हता. या विषयातल्या विद्यार्थ्याने मूळ कागद वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

मूळ कागदांवरून आठवले. या क्षेत्रातला खरा शब्दकोश कुठल्याही ग्रंथात नाही, तो पुनर्वसन कार्यालयाच्या दारात ऐकायला मिळतो. संकलन रजिस्टर, प्रकल्पग्रस्त दाखला, बुडीत, लाभक्षेत्र, स्लॅब, पासष्ट टक्के, अठरा नागरी सुविधा. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशात तो पहिला. पुढे १९८६ आणि १९९९ साली तो सुधारला. भरपाईच्या रकमेपैकी पासष्ट टक्के परत भरायचे आणि त्या बदल्यात लाभक्षेत्रात जमीन घ्यायची, अशी त्यातली तरतूद. ज्याने घरातले लग्न, आजारपण किंवा जुने कर्ज यात भरपाई खर्च केली, त्याचा जमिनीचा हक्क तिथेच अडकला. हे सगळे ज्याची जमीन गेली त्याच्यासाठी. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, ज्याचा गोठा वनखात्याच्या किंवा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत, त्याचे नाव संकलन रजिस्टरमध्ये येणार कसे? त्याची म्हैस ज्या गवतावर जगत होती ते गवत बुडाले, पण गवताचा खातेदार कोणीच नसतो.

याच दारांत बसून दक्षिण महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांच्या चळवळीने मोठे काम केले. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दल यांचे नाव त्यात पहिले घ्यावे लागेल. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी या चळवळीने रुजवली, आणि विस्थापितालाही पाण्यात वाटा हवा, असा विचार तिने पुढे नेला. आजरा तालुक्यातल्या उचंगीच्या लोकांनी तर के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याच्या मदतीने बुडीत कमी करणारा पर्यायी आराखडाच सरकारपुढे ठेवला. ज्यांना ‘विकासविरोधी’ म्हटले जाते त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन दुसरे धरण सुचवावे, याहून मोलाची अभ्याससामग्री कुठली असेल?

कागदात न मावणारेही काही असते. गोव्याच्या सांगे तालुक्यात साळावली धरणाखाली गेलेले कुर्डी गाव आहे. मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. मे महिन्यात पाणी उतरते, घरांची जोती आणि देवळाच्या खुणा उघड्या पडतात, आणि विखुरलेले गावकरी काही दिवसांसाठी तिथे परत येतात. हे ‘भावनिक’ म्हणून बाजूला ठेवण्याची पद्धत आहे. कोयनेची पाहणी करताना इरावतीबाईंनी देव आणि नाती यांची नोंद घेतली, गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबाच्या मागे आयुष्य घातले, ते अशासाठी की माणूस जमिनीशी सातबाराच्या आधीपासून बांधलेला असतो, आणि ते बांधलेपण देवात, वाटेत आणि पाणवठ्याच्या नावांत नोंदलेले असते.

एक उदाहरण देऊन मी शेवटाकडे येतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होते. पुढे आपल्या बांबूच्या विक्रीचा अधिकारही त्याने मिळवला. त्यामागे गावाने वर्षानुवर्षे चालवलेला अभ्यासगट होता. जंगलात किती झाडे, कोणती औषधे, कोणत्या वाटा, याची नोंद गावाने स्वतः केली होती. अर्ज भरायची वेळ आली तेव्हा पुरावा तयार होता.

आणि आता १९३० कडे. धनगरवाड्यावर रस्ता नसतो म्हणून भर पावसाळ्यात आजाऱ्याला डालग्यात घालून खांद्यावरून उतरवावे लागते, हे आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो. वनहक्क कायद्याने गावाला रस्ता, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी अशा तेरा सोयींसाठी एका हेक्टरहून कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. पण गवळी धनगराने वैयक्तिक किंवा सामूहिक हक्क मागायचा तर पंचाहत्तर वर्षांचा पुरावा हवा. या कायद्याच्या नियमांतला तेरावा नियम मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी वाचायला देतो. पुरावा म्हणून काय चालते, त्याची ती यादी आहे. त्यात सरकारी कागद आहेतच. शिवाय घराची जोती, विहिरी, स्मशाने, देवस्थाने यांच्या प्रत्यक्ष खुणा चालतात. दावेदाराखेरीज इतर वृद्धांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन चालते. पूर्वीच्या संस्थानांनी दिलेल्या हक्क-सवलतींची नोंद चालते. आणि मान्यवर संस्थांनी केलेला चालीरीतींचा, वहिवाटीचा अभ्यासही चालतो.

पुन्हा एकदा वाचा. अभ्यास हाच पुरावा. समाजशास्त्रात शोधनिबंध लिहून माणसाचे काय भले होते, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला. इतर कुठे काय होते ते असो. या एका क्षेत्रात नीट केलेली नोंद थेट एखाद्या वाड्याच्या दाव्याला जोडता येते, आणि हलगर्जीने लिहिलेले ‘हे लोक अलीकडे इथे आले’ हे एक वाक्य तोच दावा बुडवू शकते. इथे चूक केलेली पचत नाही. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक लेखकाला मी एकच विचारले : हे वाक्य त्या वाड्यावर जाऊन मोठ्याने वाचायची तयारी आहे का?

कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला इथे एक जास्तीचे काम आहे. संस्थानी काळातल्या दप्तराची लिपी मोडी. चराईचे कर, रानाच्या हद्दी, शिकारीचे बंदोबस्त ज्या पिढीने लिहिले ती मोडीत लिहीत होती, आणि नियम तेरा ज्या नोंदींना पुरावा मानतो त्यांत संस्थानच्या नोंदी स्पष्टपणे येतात. आज मोडी शिकणारे बहुतेकजण गडकोट आणि घराणी शोधतात. त्यांनी थोडे दिवस कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बसून म्हशींची, कुरणांची आणि चराईची पाने वाचावीत. इंग्रजी येणाऱ्याने १८८६ चा कोल्हापूर गॅझेटियर सोबत ठेवावा. कुठल्या डोंगरावर कोण राहत होते याचे ओझरते उल्लेखही कामाचे असतात.

ज्यांना हे काही येत नाही, त्यांनी वही घेऊन वर जावे. मे महिन्यात जावे, तेव्हा पाणी उतरलेले असते आणि वाट कोरडी असते. ऐंशीच्या पुढच्या बायकांशी आधी बोलावे, कारण माहेर कुठल्या वाड्यावर होते आणि सासूचे माहेर कुठले हे त्यांना नेमके आठवते; तीन पिढ्यांचे वास्तव्य त्या साखळीत सापडते. सासूची सासू कुठल्या झऱ्याचे पाणी भरत होती, ते विचारावे. झऱ्याचे नाव लिहून घ्यावे, तो दाखवायला सांगावे, नकाशावर खूण करावी, तारीख घालावी, निवेदन त्यांना वाचून दाखवावे आणि त्यांचा अंगठा किंवा सही घ्यावी. एक प्रत वाड्यावर ठेवून यावे.

१९३० ची गोष्ट आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेली माणसे अजून या डोंगरांवर आहेत. पुढच्या मे महिन्यात त्यांच्याकडे जा.